हिरव्या शालूखाली काय आहे?

गेल्या पावसाळ्यात कॅम्पातील एका वाङ्मयीन बैठकीत भीमगडच्या अरण्यावरील ललितनिबंधाचे वाचन ऐकण्याचा योग आला. बाहेर पावसाची झड लागलेली, आत चहाचे पेले फिरत होते, आणि निबंधकार भावपूर्ण स्वरात वाचत होते. निबंधात 'हिरवा शालू' तीनदा आला, 'निसर्गदेवतेची मुक्त उधळण' दोनदा आली, 'शहरी जीवनाची दगदग' तर परिच्छेदागणिक होती. मात्र संपूर्ण निबंधात एकाही झाडाचे नाव नव्हते. होती ती 'अनामिक रानफुले', 'कुठलासा पक्षी' आणि 'कसलीशी वेल'. वाचन संपल्यावर टाळ्या झाल्या. त्यांत माझ्याही टाळ्या होत्या, हे येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे, कारण पुढे जी तक्रार मांडणार आहे तीतून मी स्वतःला वगळू इच्छित नाही.

तक्रार अशी की, आपण सीमाभागातील मराठी लेखक-वाचक ज्या अरण्याच्या नावाने उसासे टाकतो, ते अरण्य आपल्याला मुळीच ठाऊक नाही; आणि हे अज्ञान निरुपद्रवीही नाही. ज्या वस्तूला नाव नसते तिची कोठे नोंद नसते, आणि जिची नोंद नसते ती गेली तरी कोणाच्या खात्यावर तूट पडत नाही. 'अनामिक रानफुले' नष्ट झाली तर नेमके काय नष्ट झाले, हे कोण कोणाला सांगणार? पर्यावरणाच्या नावाने हळहळणाऱ्या या वाङ्मयाने अरण्याची राखण केलेली नाही. उलट त्याचा सौदा करू पाहणाऱ्यांचे काम, नकळत का होईना, सोपे करून ठेवले आहे.

आधी वस्तुस्थिती पाहू. खानापूर तालुक्यातील भीमगड वन्यजीव अभयारण्य डिसेंबर २०११ मध्ये घोषित झाले. क्षेत्रफळ सुमारे १९० चौरस किलोमीटर. नाव मिळाले ते सतराव्या शतकात शिवाजी महाराजांनी पोर्तुगीजांवर नजर ठेवण्यासाठी बांधलेल्या किल्ल्यावरून. दक्षिणेला हे रान दांडेलीच्या, म्हणजे आताच्या काळी व्याघ्र प्रकल्पाच्या रानाशी जुळते. पश्चिमेला गोव्याच्या म्हादई अभयारण्याशी. याच परिसरात देगावजवळ म्हादई उगम पावते आणि मांडवी होऊन पणजीपाशी अरबी समुद्राला मिळते. तिथून फार दूर नसलेल्या कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि उलट दिशेने, पूर्वेकडे, कृष्णेला मिळण्यासाठी निघते. एका डोंगररांगेवर पडलेला पाऊस दोन समुद्रांना वाटून दिला जातो, असे हे ठिकाण आहे.

आणि याच अरण्यात तळेवाडी नावाची एक वाडी आहे. तिच्याजवळ बारापेडे नावाच्या गुहा आहेत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ पासून भारतातील सस्तन प्राण्यांची जी मोठी पाहणी हाती घेतली होती, त्या काळात या गुहेतील एका वटवाघळाचे नमुने लंडनला गेले आणि १९१३ मध्ये ओल्डफील्ड थॉमस या प्राणिशास्त्रज्ञाने ती नवी जात असल्याचे जाहीर केले. या पाहणीशी निकटचा संबंध असलेले वनाधिकारी रॉटन यांचे नाव तिला देण्यात आले. मोठे, पुढे झुकलेले कान, पडद्याबाहेर मोकळी राहिलेली शेपटी, आणि अन्न केवळ कीटक. पुढे कितीतरी दशके साऱ्या जगात या वटवाघळाचा ज्ञात पत्ता एकच होता : बारापेडे गुहा, तळेवाडीजवळ. मेघालयातील गुहांत आणि कंबोडियात ते सापडले ते अगदी अलीकडे, २००० च्या आसपास. वाघाला कायद्याचे जे संरक्षण आहे तेच, म्हणजे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे, या मूठभर प्राण्यालाही आहे.

सारांश, जगभरच्या प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत तळेवाडी हे नाव शंभराहून अधिक वर्षे छापले जात आहे. आपल्या किती कथा-कवितांत, किती निबंधांत ते आले? मला तरी आठवत नाही.

येथे कोणी म्हणेल, हे साहेबांचे उद्योग. त्यांना वेळ होता, बंदुका होत्या, नोकर होते. खरे आहे. पण आपण ज्या कॅम्पात बसून हे म्हणतो तो कॅम्पही त्याच साहेबांनी वसवला, आणि या छावणीच्या आश्रयाने झालेले काम थोडे नाही. बटलर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८८१ मध्ये दख्खन आणि दक्षिण मराठा मुलखातील पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. थिओडोर कुक यांच्या, १९०१ ते १९०८ या काळात निघालेल्या, मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथात बेळगावचे नाव पुनःपुन्हा येते, कारण रिची नावाच्या संग्राहकाने इथून गोळा केलेल्या वनस्पती. आपल्या परसात, बांधावर जो भरीव, सरळ माणगा बांबू लावतात त्याच्या शास्त्रीय नावात स्टॉक्स या डॉक्टरचे नाव आहे. या मंडळींनी हे सारे एकट्याने शोधून काढले असे समजण्याचे कारण नाही. वाट दाखवणारे, झाडावर चढणारे, 'याला अमुक म्हणतात' असे सांगणारे आपलेच लोक होते. साहेबाने त्यांचे नाव लिहिले नाही, हा त्याचा दोष. पण त्यांनी सांगितलेले त्याने लिहून घेतले. आपण तेही केले नाही.

आणि बेळगावकरांनी हे करू नये, ही तर मोठीच विसंगती. या गावाचे जुने नाव वेणुग्राम. म्हणजे वेळूचे गाव! खानापूर तालुक्यातील हलशी ही प्राचीन कदंबांची पलाशिका. तिच्या नावात पळस आहे. आपल्या पूर्वजांनी गावांना झाडांची नावे दिली, इतकी त्यांची झाडांशी ओळख होती. वेळूच्या गावच्या किती सुशिक्षितांना आज कळक, मेस, माणगा आणि चिवा यांतला भेद सांगता येईल? कळक कित्येक दशकांतून एकदा फुलतो आणि फुलला की सगळे बेट वाळून जाते. ही गोष्ट जिच्या गावाच्या नावात आहे त्या पिढीला ठाऊक असू नये?

एव्हाना वाचकांना वाटेल की, नावांची यादी पाठ करणे म्हणजे काय साहित्य झाले? हा आक्षेप मला त्या बैठकीनंतरही ऐकावा लागला. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "अहो, नावे देणे हे वनस्पतिशास्त्राचे काम. साहित्याचे काम भाव जागवणे." या वाक्यात मला आपल्या निसर्गलेखनाचे सारे दुखणे एकवटलेले दिसते. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ मध्ये निघाले. त्यात भाव कमी आहे असे कोणी म्हणेल काय? पण दुर्गाबाईंना झाडे ओळखू येत होती. मारुती चितमपल्ली २००६ मध्ये सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, ते त्यांनी वनखात्याच्या नोकरीत रानातल्या माणसांकडून शब्द वेचले म्हणून. ज्याला त्यांनी गुरू मानले ती माणसे शाळेत गेलेली नव्हती. २०२५ च्या जूनमध्ये चितमपल्ली गेले तेव्हा आपण सर्वांनी श्रद्धांजली वाहिली. त्यांचे काम आपल्या डोंगरात कोणी पुढे नेले, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही.

नाव हे भावनेच्या आड येत नाही. नाव हा भावनेचा पाया असतो. 'एक झाड तोडले' या वाक्याने मन हलत नाही. ढोलीचा जुना बेहडा तोडला असे म्हणा, आणि त्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला कोंडून घेते, चिखल आणि विष्ठा यांनी तोंड लिंपून फक्त एक फट ठेवते, आणि कित्येक आठवडे नर त्या फटीतून तिला वड-उंबराची फळे भरवतो, हे सांगा. मग झाड तोडणे म्हणजे काय ते कळेल. धनेशाला तरणे झाड चालत नाही. त्याला ढोली धरलेले, शंभरी गाठलेले झाड लागते. 'एका झाडाच्या बदल्यात दहा रोपे लावू' असे आश्वासन देणाऱ्याला एवढे एकच वाक्य ऐकवले तरी पुरे. पण ते ऐकवण्यासाठी धनेश माहीत असावा लागतो, बेहडा माहीत असावा लागतो.

या रानात काय काय आहे, हे निदान एकदा नावानिशी लिहू. अंजनी, जांभूळ, हिरडा, ऐन, किंदळ, नाणा. धूप आणि रानजायफळ. शिकेकाई आणि वावडिंग. ज्याला आपण कोकम म्हणतो, गोव्याकडे भिरंड म्हणतात, ते झाड. सात वर्षांनी एकदा निळी-जांभळी फुलून मरून जाणारी कारवी; जिच्या काठ्यांचे कूड करून त्यावर शेणमाती लिंपून इथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या घरे उभी केली. कातळाच्या सड्यांवर भाद्रपदात उगवणारी सीतेची आसवे, गेंद, दवबिंदू, कवला. यांतील सीतेची आसवे आणि दवबिंदू या कीटक पकडून खाणाऱ्या वनस्पती आहेत, कारण त्या कातळावर मातीत त्यांना पुरेसे पोषण मिळत नाही. हल्ली सड्यावर छायाचित्रे काढायला येणारी मंडळी कवल्याला 'मिकी माऊस' म्हणतात. माझी तक्रार त्या मुलांवर नाही. त्यांना कवला हे नाव कोणी सांगितलेच नाही, आणि ज्याचे नाव ठाऊक नाही त्याला माणूस जवळचे जे नाव सापडेल ते देतो.

प्राण्यांत गवा, सांबर, भेकर, शेळीच्या करडाहूनही लहान अशी पिसोरी, अस्वल, रानकुत्री, बिबट्या आणि अधूनमधून वाघ. झाडांवर शेकरू, वेलींवर चापडा, जमिनीवर नागराज. चोर्ल्याच्या परिसरातून देवगांडुळाची एक नवी जात २००७ मध्ये शास्त्राला ज्ञात झाली आणि तिला म्हादईचे नाव मिळाले. देवगांडूळ हा गांडूळ नव्हे. तो बेडकाचा बिनपायांचा चुलत भाऊ. ओल्या मातीखाली राहतो, आणि जिथे जमीन बारा महिने ओलावा धरून ठेवते तिथेच टिकतो. म्हादईचा ओलावा हा राज्याराज्यांतील तंट्याचा विषय आहे, हे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. तो कोणाच्या जीवनमरणाचाही विषय आहे, हे वर्तमानपत्रांत येत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. या अरण्याविषयी सध्या दोन घोषणा ऐकू येतात आणि दोन्ही मला सारख्याच अपुऱ्या वाटतात.

पहिली घोषणा : जंगल वाचवायचे असेल तर माणसे बाहेर काढा. अभयारण्याच्या पोटात बारा-तेरा गावे-वाड्या आहेत. गवाळी, कोंगळा, पास्टोली, कृष्णापूर, देगाव, मेंडील, आमगाव, तळेवाडी. बहुतेक घरांत मराठी बोलली जाते. कोकणी आणि कानडी शब्दांनी भरलेली, आपल्या पाठ्यपुस्तकी मराठीपेक्षा कितीतरी अधिक रानाला जवळ असलेली मराठी. या गावांना पक्का रस्ता नाही, पावसाळ्यात ओढे वाट अडवतात. २०२४ च्या जुलैत आमगावच्या एका आजारी स्त्रीला गावकऱ्यांनी भर पावसात खांद्यावरून चिखलवाटेने काही किलोमीटर वाहून नेले, तेव्हा कोठे रुग्णवाहिका भेटली. ती वाचली नाही. त्यानंतर स्थलांतराच्या चर्चेला वेग आला. कर्नाटक सरकारने कुटुंबामागे १५ लाख रुपये देऊ केले, आणि २०२५ मध्ये सर्वांत आधी स्थलांतराचे धनादेश स्वीकारले ते तळेवाडीच्या २७ कुटुंबांनी. त्याच तळेवाडीच्या, जिचे नाव शंभर वर्षे ग्रंथांत छापले जात आहे.

लोकांनी स्वखुशीने संमती दिली, असे सांगण्यात येते. मी ती नाकारत नाही. पण रस्ता न देता, दिवा न देता, डॉक्टर न देता, तीन पिढ्या वाट पाहायला लावून अखेरीस 'जाता की राहता?' असे विचारले तर मिळालेल्या उत्तराला स्वखुशी म्हणावे काय? २००६ चा वनहक्क कायदा याबाबत पुरेसा स्पष्ट आहे. वन्यजीवांच्या अतिमहत्त्वाच्या अधिवासातून लोकांना हलवायचे तर त्यांच्यामुळे वन्यजीवांची भरून न येणारी हानी होत आहे हे सिद्ध झाले पाहिजे, सहजीवनाचा अन्य मार्ग उरलेला नाही हे ठरले पाहिजे, ग्रामसभेची जाणती आणि लेखी संमती पाहिजे, आणि नव्या जागी सोयी पूर्ण झाल्याखेरीज कोणालाही हलवता कामा नये. याच कायद्यात आणखी एक अट आहे, जिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही : अशा रीतीने मोकळा केलेला अधिवास पुढे दुसऱ्या कोणत्याही कामासाठी वळवता येणार नाही. कायदेपंडितांनी भीमगडला हे कलम कितपत लागू होते याचा खल खुशाल करावा. त्यामागचा न्याय मात्र कोणत्याही सरळ माणसाला पटेल असा आहे. गवाळीच्या माणसाने गव्यासाठी जागा सोडली तर ती गव्यालाच मिळाली पाहिजे. तिथे उद्या आरामगृह उभे राहता कामा नये, की कालवा जाता कामा नये.

आणि हा निव्वळ कल्पनेचा खेळ नव्हे. म्हादई जलतंटा लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा देऊन कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिले, त्यातले ३.९० टीएमसी कळसा आणि भांडुरा या ओढ्यांतून मलप्रभेकडे वळवायचे आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय जल आयोगाने त्या योजनेच्या आराखड्याला मान्यता दिली. हुबळी-धारवाडच्या माणसाला तहान लागते आणि ती भागवली पाहिजे, हे मी मान्य करतो. आपले नळ राकसकोप आणि हिडकलच्या पाण्यावर चालतात म्हणून दुसऱ्याच्या तहानेवर प्रवचन करणे मला शोभणार नाही. पण एक साधा प्रश्न विचारण्याचा हक्क मला आहे. भाताच्या चार खाचरांसाठी राहणारा माणूस या रानाला सोसत नाही, आणि यंत्रे, चर, नळ व रस्ते मात्र सोसतात, हे कोणत्या शास्त्रात बसते?

दुसरी घोषणा याच्या नेमकी उलट : माणूस मोठा की वटवाघूळ? ही घोषणा सभांत टाळ्या मिळवते, म्हणून तिला अधिक कडक उत्तर दिले पाहिजे. प्रश्नच खोटा आहे. वटवाघळाने कोणाचा रस्ता अडवलेला नाही. ते रात्री बाहेर पडून कीटक खाते आणि पहाटे गुहेत परतते. आमगावला डॉक्टर पोहोचला नाही याला बारापेडेची गुहा कारणीभूत नाही. गरीब माणसाला आणि दुर्मीळ प्राण्याला एकमेकांसमोर उभे करून भांडायला लावणे ही ज्यांना दोघांचेही काही द्यायचे नाही त्यांची जुनी युक्ती आहे. या भांडणाचा शेवट काय होतो तेही आपण शेजारी पाहिले आहे. २०२० च्या जानेवारीत गोव्याच्या सत्तरी तालुक्यात गोळावली येथे एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मारले गेले. गुरे गमावलेल्या माणसाचा राग तिथे वाघावर निघाला. रागाचे मूळ रानात माणसाला परके ठरवण्यात होते, आणि त्याची किंमत चार वाघांनी मोजली. पुढे २०२३ च्या जुलैत उच्च न्यायालयाने गोव्याला व्याघ्र प्रकल्प घोषित करण्याचा आदेश दिला आणि गोवा सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. वाघाला मात्र तीन राज्यांच्या सीमा ठाऊक नाहीत. तो भीमगडहून म्हादईत आणि म्हादईतून तिळारीत जातो. आपण सीमेचा विषय निघाला की तावातावाने बोलतो. सीमा ओलांडून रोज ये-जा करणाऱ्या या रहिवाशांबद्दल मात्र आपल्याकडे शब्द नसतात.

मग माझे म्हणणे तरी काय? लोकांनी रानातच राहावे काय? नाही. कॅम्पात पंख्याखाली बसून दुसऱ्याला 'तू अस्वलाच्या वाटेवर राहा, म्हणजे मला तुझ्यावर निबंध लिहिता येईल' असे सांगणे हा निर्लज्जपणा होईल. तिथल्या तरुणांना शाळा हवी आहे, काम हवे आहे, आजारी आईला दवाखान्यात नेता यावे असे वाटते. ज्याला जायचे आहे त्याने सन्मानाने, पुरेसा मोबदला घेऊन जावे. ज्याला राहायचे आहे त्याला गैरसोयीच्या मारने हुसकावू नये. माझे म्हणणे त्यापलीकडचे आहे. माणसे जातील तेव्हा त्यांच्यासोबत काय जाईल, याचा हिशेब सरकारी पंचनाम्यात नसतो. त्यात घर असते, खाचर असते, फणस-आंब्याची झाडे मोजलेली असतात. देवराईतल्या कोणत्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, कोणते कंद किती वेळ शिजवून खायचे, कोणत्या पाखराच्या ओरडण्याने पाऊस ओळखायचा, हे पंचनाम्यात मावत नाही. १५ लाखांत त्याची किंमत धरलेली नाही, आणि ते कोणी मागितलेलेही नाही.

काही वर्षांपूर्वी अभयारण्याच्या कडेच्या एका वाडीत मी वही घेऊन बसलो होतो. घरातले वृद्ध गृहस्थ मला अंगणाबाहेरच्या झाडांची नावे सांगत होते. पहिल्या दहा नावांनंतर माझी लेखणी अडखळू लागली, कारण निम्मे शब्द मी कधी ऐकलेले नव्हते. ते थांबले आणि म्हणाले, "मास्तर, नावं लिवून घ्या हो. पन झाड वळखायला तुमच्यासंगट कोन येनार?" मला उत्तर सुचले नाही. घरी येऊन वही कपाटात ठेवली. त्यातली काही नावे आज मला लागत नाहीत, आणि ज्यांना विचारायचे ते गृहस्थ आता नाहीत. अपराध इतरांचा नाही, माझा आहे. म्हणूनच तो येथे सांगितला.

ज्ञान हातचे गेले की लूट सोपी होते, याचे एक उदाहरण सह्याद्रीने पाहिलेले आहे. नरक्या नावाचे एक साधे, फारसे कोणाच्या नजरेत न भरणारे झाड. त्यातून कर्करोगावरील औषधाचा घटक मिळतो हे परदेशात कळले आणि सह्याद्रीच्या या पट्ट्यातून नरक्या बेसुमार तोडला गेला. जे तोडत होते त्यांना मोळीमागे थोडके पैसे मिळाले. तो कशासाठी जातो हे त्यांना कळू दिले गेले नाही. शास्त्रज्ञांना नरक्या ठाऊक होता, व्यापाऱ्याला ठाऊक होता. ठाऊक नव्हता तो शिकलेल्या मराठी समाजाला, ज्याने वेळीच ओरड करायला हवी होती.

म्हणून या मंडळासमोर मी एक साधी मागणी ठेवतो. पुढील त्रैमासिक अंकापासून चार पाने राखून ठेवावीत. सदस्यांनी दोघादोघांनी, वनखात्याची रीतसर परवानगी घेऊन किंवा स्थलांतरित होऊन बाहेर आलेल्या कुटुंबांच्या नव्या घरी जाऊन, एकेका गावाची शब्दसंपदा लिहून आणावी. झाडाचे नाव, त्याचा उपयोग, त्याविषयीची म्हण किंवा कथा. आणि जे सांगतील त्यांची इच्छा असल्यास त्यांचे नावही, म्हणजे साहेबाची चूक आपण पुन्हा करणार नाही. कानडी नाव कोणी सांगितले तर तेही लिहावे. ऐनाला मत्ती म्हटल्याने ऐन परका होत नाही. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक या शहरात आहेत. त्यांच्याकडून शास्त्रीय नावे ताडून घ्यावीत. या कामाला निधी लागत नाही. बसचे तिकीट लागते, वही लागते, आणि ऐकून घेण्याची सवय लागते. शेवटची गोष्ट आपल्याकडे सर्वांत कमी आहे, याची मला कल्पना आहे.

यावर 'हे काम विद्यापीठाने करावे' असे कोणी म्हणेल. विद्यापीठाने जरूर करावे. पण विद्यापीठ करील म्हणून आपण थांबलो तर तळेवाडीनंतरची गावेही उठतील आणि आपण पुन्हा एकदा हळहळीचा निबंध वाचू. भाषेचे रक्षण करण्याच्या गोष्टी या भागात आपण जन्मभर ऐकल्या. भाषा फलकावर असते हे खरे, पण ती सर्वांत आधी रानातल्या पायवाटेवर असते, जिथे माणसाला भोवतालच्या प्रत्येक वस्तूला काहीतरी म्हणावे लागते. फलकासाठी भांडायला आपण कधी कमी पडलो नाही. पायवाटेवरची भाषा मात्र आपल्या डोळ्यांदेखत पुसली जात आहे, आणि ती पुसण्यासाठी कोणा परक्या सत्तेची गरज पडलेली नाही. आपले दुर्लक्ष पुरेसे ठरले आहे.

त्या बैठकीतल्या निबंधकारांविषयी माझ्या मनात आकस नाही. ते माझे स्नेही आहेत, आणि त्यांचे रानावरचे प्रेम खरे आहे. पुढील पावसाळ्यात ते पुन्हा भीमगडवर लिहिणार असल्याचे कळते. त्यांना एकच विनंती आहे. हिरवा शालू एकदा बाजूला करून पाहावे. त्याखाली जे दिसेल त्यातील एका झाडाचे, फक्त एकाच झाडाचे, नाव तिथल्या माणसाला विचारून निबंधात लिहावे. त्या दिवशी मी टाळ्या वाजवीन, आणि त्या मनापासूनच्या असतील.